साठ मिलिग्रॅम

पाकिटावर पेन्सिलीने लिहिलंय:
तिमाहदित, बोअर सत्तावीस, एकशे बारा मीटर.
पाकीट उघडलं आणि माझ्या आधी
माझ्या नाकाने ओळख दिली.

रबातच्या या तळघरात कुणालाच ठाऊक नाही
की या दगडावर मी अक्षरं गिरवली आहेत,
चोरलेल्या खडूने, शाळेमागच्या घळीत;
की हिवाळ्यात वडील याचा तुकडा शेगडीत टाकायचे
आणि आई शेगडीसकट त्यांना बाहेर काढायची.
गंधकाचा धूर. मेंढ्या शिंकायच्या.
साऱ्या बर्फावर तेवढाच एक काळा डाग.

आता मी तो खलात घोटते, चाळते,
चिमूटभर बाजूला काढून आम्ल टाकते.
चुना फसफसून उठतो, निघून जातो,
आणि उरतं ते काळं, हट्टी, कशातच न विरघळणारं:
कुठल्याशा उथळ समुद्राचं शेवाळ
जे कुजायचं राहून गेलं.
तळाशी हवा नव्हती, म्हणून.
एवढंच कारण.

साठ मिलिग्रॅम. मूस. नायट्रोजन.
तीनशे अंशांवर यंत्र जरा थांबतं;
जे मोकळं आहे ते आधी जाऊ दे, म्हणतं.
फारसं काही जात नाही. पडद्यावर एक टेंगूळ,
आवंढ्याएवढं.
मग मिनिटाला पंचवीस अंश,
आणि रेघ उठते, उठतच राहते.
नौफेल पुदिन्याच्या चहाचा पेला घेऊन मागे उभा,
म्हणतो, "डोंगर आहे हा, डोंगर!"
डोंगरच आहे.
मी त्याच्या पायथ्याशी जन्मले.

शिखर चारशे चौदावर.
चारशे पस्तीसच्या आत सगळं कच्चं,
पाडालासुद्धा न आलेलं.
मी तक्ता भरते.
सेंद्रिय कार्बन चौदा टक्के.
हायड्रोजन निर्देशांक सहाशे सत्तावन्न.
गुणवत्ता: उत्कृष्ट.
परिपक्वता: नाही.
वासासाठी रकाना नसतो.
शेवटी, तेलाचा उगमखडक म्हणून शेरा:
"ऐपत मोठी. पुरेसा खोल पुरला गेला नाही."

संध्याकाळी वडिलांचा फोन. त्यांचा तोच प्रश्न,
कुरणात तंबू ठोकून गेलेल्या साहेबांच्या काळापासूनचा:
"इत्तो, तेल आहे की नाही?"
साहेब जाताना त्यांना एक हेल्मेट देऊन गेले होते, पिवळं.
कोंबडी अजून त्यात अंडी घालते.

मी म्हणते, तेल नाही. तेल होऊ शकेल असं आहे.
आणखी दोन-तीन किलोमीटर खाली गेलं असतं,
आणखी काही कोटी वर्षं ऊब मिळाली असती, तर.

"आणि भट्टीत घातलं तर?"

तर निघतं. पण पाणी लागतं, तुमच्या झऱ्याचं सगळं,
आणि राख उरते, जवळजवळ दगडाएवढीच.

ते बराच वेळ बोलत नाहीत.
मागे कुणीतरी मेंढ्या मोजतंय, चुकतंय, पुन्हा मोजतंय.
मग म्हणतात,
"तुझ्या आईसाठी खणलं ना, तेव्हा हाच लागला होता.
दोन हातांवर. कुदळ घसरत होती.
हद्दू म्हणाला, आणखी खाली जायला हवं.
मी म्हटलं, राहू दे. पुरे झालं."

मला पुढचं काही सुचत नाही.
मी म्हणते, तिकडे थंडी असेल.
ते म्हणतात, असते.

फोन ठेवून मी यंत्र उघडते.
मूस निवली आहे. तळाशी करडी भुकटी.
हुंगून पाहते:
काहीच वास नाही.

पाकिटात अजून नऊ ग्रॅम आहेत,
ते नियमाप्रमाणे कपाटात, सही करून.
ती सही मी उद्यावर ढकलते.

पुढचं पाकीट: एकशे चौदा मीटर.